डिजिटल छायाचित्रांचे संपादन व मुद्रण

डिजिटल छायाचित्रांचे संपादन व मुद्रण म्हणजे डिजिटल कॅमेरा, मोबाइल फोन अथवा स्कॅनर यांतून मिळालेल्या छायाचित्राच्या फाइलवर संगणकाच्या साहाय्याने संस्कार करून ते कागदावर उतरविण्याची प्रक्रिया होय. चित्रातील उजेड, रंग, चौकट व रेखीवपणा यांची दुरुस्ती संपादनात मोडते. चित्राचा आकार, कागद, शाई आणि छपाईची पद्धत यांची निवड मुद्रणात मोडते.

पडद्यावर सुरेख दिसणारे चित्र कागदावर काळपट, पिवळट, धूसर किंवा कडेला कापलेले उतरते, ही या क्षेत्रातील नेहमीची तक्रार आहे. तिचे मूळ प्रिंटरमध्ये क्वचितच असते. फाइलमध्ये पुरेसे पिक्सेल नसणे, पडदा अवाजवी उजळ असणे, पडद्यावरचे रंग कागदाच्या आवाक्याबाहेर असणे आणि चित्राचे प्रमाण कागदाच्या प्रमाणाशी न जुळणे ही तिची चार प्रमुख कारणे आहेत. ही चारही कारणे छपाईपूर्वी ओळखता येतात. लेखातील बहुतेक उदाहरणे नाशिक परिसरातील आहेत. काळ्या पाषाणाची मंदिरे, शेंदरी मूर्ती, गोदावरीचे गढूळ पूरपाणी आणि येवल्याची पैठणी हे तेथील नेहमीचे विषय कॅमेरा व प्रिंटर यांच्या मर्यादा ठळकपणे दाखवितात.

पार्श्वभूमी

छायाचित्र टिपणे आणि ते छापणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, याची जाणीव डिजिटल युगाच्या पुष्कळ आधीपासून होती. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कला विद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला आणि पुढे लोणावळ्यास ठसे तयार करण्याचा व छपाईचा उद्योग उभारला. तिरंगी छपाईचे तंत्र समजून घेण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीला गेले होते. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्यावर त्यांनी आपले काम नाशिकला हलविले.

नाशिक रोड येथील इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२० च्या दशकापासून टपाल तिकिटे छापत आहे. १९५२ मध्ये तेथे फोटोग्राव्ह्युअर पद्धतीने तिकिटे छापण्यास प्रारंभ झाला. कबीर, तुलसीदास, मीराबाई, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ टागोर यांची १ ऑक्टोबर १९५२ रोजी निघालेली मालिका या पद्धतीने छापलेली होती. या पद्धतीत चित्र धातूच्या रुळावर असंख्य सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने कोरले जाते. खळगा जितका खोल, तितकी त्यात शाई अधिक व छटा तितकी गडद. वर्तमानपत्री छपाईत मात्र शाईची जाडी सर्वत्र सारखीच असते आणि लहानमोठ्या ठिपक्यांतून फिकट व गडद छटांचा आभास निर्माण केला जातो. तंत्र कोणतेही असो, प्रकाशाने बनलेले चित्र शाईच्या भाषेत उतरविणे हाच मुद्रणाचा गाभा आहे.

डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये तयार केला. त्यातील चित्र १०० × १०० म्हणजे अवघ्या १०,००० पिक्सेलचे होते आणि ते कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. थॉमस व जॉन नोल या बंधूंनी विकसित केलेल्या फोटोशॉप या आज्ञावलीची पहिली आवृत्ती १९९० मध्ये बाजारात आली. जेपेग हे फाइल-स्वरूप १९९२ मध्ये प्रमाणित झाले. अंधारखोलीतील अनेक संज्ञा या आज्ञावल्यांत तशाच राहिल्या आहेत. मोठे करताना चित्राच्या एखाद्या भागावरचा उजेड हाताने किंवा पुठ्ठ्याने अडवून तो भाग फिका ठेवणे म्हणजे ‘डॉज’, आणि जास्त वेळ उजेड देऊन तो गडद करणे म्हणजे ‘बर्न’. या नावांची साधने आजही फोटोशॉप व गिंप यांत आढळतात.

पडदा आणि कागद

पडदा स्वतः प्रकाश देतो; कागद आपल्यावर पडलेला प्रकाश परत करतो. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या बेरजेतून बनतो. कागदावरचा रंग निळसर, किरमिजी व पिवळ्या शाईने पांढऱ्या प्रकाशातील काही भाग शोषून घेतल्यामुळे, म्हणजे वजाबाकीतून बनतो. साध्या पडद्यावरील शुभ्रतम व काळ्यातील काळ्या भागांच्या उजेडाचे गुणोत्तर हजाराच्या घरात असते. चकचकीत कागदावर ते साधारण दोनशेच्या आसपास आणि मॅट कागदावर त्याहून बरेच कमी भरते. त्यामुळे पडद्यावर सावलीत दिसणारे बारकावे कागदावर काळोखात मिटून जाऊ शकतात.

काळपट प्रिंटचे सर्वांत सामान्य कारण येथेच सापडते. नवा मॉनिटर किंवा मोबाइल दुकानात लक्ष वेधून घ्यावा म्हणून फार उजळ ठेवलेला असतो. अशा पडद्यावर अंधारे चित्रही उजळ भासते. त्यामुळे संपादक ते आणखी उजळ करण्याचे टाळतो आणि फाइल प्रत्यक्षात अंधारीच राहते. छपाईसाठी काम करताना पडद्याची दीप्ती प्रति चौरस मीटर ८० ते १२० कँडेला आणि पांढरा रंग सुमारे ६५०० केल्व्हिन ठेवण्याचा प्रघात आहे. मापन-उपकरण उपलब्ध नसल्यास एक साधा उपाय करता येतो. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे, शेजारी छपाईचा कोरा कागद खोलीतील नेहमीच्या उजेडात धरावा आणि दोन्ही जवळजवळ सारखे उजळ दिसेपर्यंत पडदा मंद करावा. खिडकीतून येणारे ऊन थेट पडद्यावर पडू नये. मोबाइलमधील रात्रीचा पिवळसर उजेड व आपोआप बदलणारी दीप्ती या दोन्ही सोयी संपादन करताना बंद ठेवाव्यात.

पिक्सेल आणि छपाईचा आकार

फाइलला स्वतःची लांबी-रुंदी इंचांत नसते. तिच्यात केवळ पिक्सेलची संख्या असते. ती संख्या कागदावरील इंचांत वाटली की दर इंचाला किती पिक्सेल येतात हे ठरते. हातात धरून पाहण्याच्या छायाचित्रासाठी दर इंचाला ३०० पिक्सेल हे मान रूढ आहे. त्यामागील कारण डोळ्याच्या रचनेत आहे. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातील दोन बिंदू वेगळे ओळखू शकतो. १२ इंचांवरून पाहताना हे अंतर दर इंचाला सुमारे २९० बिंदू इतके पडते. तोच डोळा ६ फुटांवरून पाहील, तर दर इंचाला ५० बिंदूही त्याला सलग भासतात. म्हणूनच रस्त्यावरच्या मोठ्या फलकाला कमी घनतेची फाइल पुरते आणि अल्बममधील छोट्या चित्राला पुरत नाही.

दर इंचाला ३०० पिक्सेल या मानाने काही नेहमीच्या फाइलींतून मिळणारे आकार पुढीलप्रमाणे आहेत :

• १६०० × १२०० पिक्सेल : सुमारे ५.३ × ४ इंच
• ४००० × ३००० पिक्सेल, म्हणजे १२ मेगापिक्सेल : सुमारे १३.३ × १० इंच
• ६००० × ४००० पिक्सेल, म्हणजे २४ मेगापिक्सेल : सुमारे २० × १३.३ इंच

३.५ × ४.५ सेंटिमीटर आकाराच्या ओळखपत्री छायाचित्रास याच मानाने सुमारे ४१३ × ५३१ पिक्सेल लागतात. भिंतीवर लावण्याच्या मोठ्या चित्रासाठी दर इंचाला १८० ते २०० पिक्सेलही समाधानकारक ठरतात.

संदेशवहनाच्या ॲपवरून छायाचित्र पाठविले असता ते ॲप फाइल लहान करते आणि पुन्हा दाबून साठविते. पडद्यावर हा फरक जाणवत नाही; छापताना तो उघड होतो. छपाईसाठी फाइल पाठवायची असल्यास ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून, ईमेलने किंवा पेनड्राइव्हवर मूळ स्वरूपात द्यावी. समाजमाध्यमावरील चित्राची पडदाप्रत घेऊन छापणे हा सर्वांत निकृष्ट पर्याय होय. प्रिंटरच्या माहितीपत्रकात छापलेली १४४० किंवा २८८० ही संख्या शाईच्या थेंबांची असते, पिक्सेलची नव्हे. एका पिक्सेलची छटा साधण्यासाठी प्रिंटर अनेक थेंब टाकतो. त्यामुळे फाइल २८८० घनतेची करण्याचा काहीही उपयोग नसतो.

चौकटीचे प्रमाण

मोबाइलच्या छायाचित्राचे प्रमाण बहुधा ४ : ३ असते, तर मोठ्या कॅमेऱ्यांचे बहुतांशी ३ : २. छपाईच्या प्रचलित आकारांपैकी ४ × ६, ८ × १२ आणि १२ × १८ इंच हे ३ : २ प्रमाणाचे आहेत. ६ × ८ इंच हा आकार ४ : ३ प्रमाणाचा, तर ८ × १० इंच हा ५ : ४ प्रमाणाचा आहे. ४००० × ३००० पिक्सेलचे मोबाइलवरचे चित्र ४ × ६ इंचांच्या कागदावर पूर्ण भरून छापल्यास त्याच्या लहान बाजूवरचे ३३३ पिक्सेल, म्हणजे त्या बाजूचा एक नवमांश भाग कापला जातो. समूहचित्रात हा भाग मागच्या रांगेतील माणसांच्या कपाळांचा किंवा पुढे बसलेल्या मुलांच्या पायांचा असतो. हे टाळण्यासाठी कागदाचा आकार आधी ठरवावा आणि त्या प्रमाणात चौकट स्वतः कापून फाइल द्यावी. काहीही कापायचे नसेल, तर दोन बाजूंना पांढरी कड सोडून पूर्ण चित्र छापून घ्यावे. चित्र टिपतानाच कडेला थोडी मोकळी जागा ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. छायाचित्र ताणून कागदात बसविणे मात्र कधीही योग्य नसते. त्याने माणसे जाड किंवा उंच दिसू लागतात.

संपादनाचा क्रम

संपादन मूळ फाइलवर न करता तिच्या प्रतीवर करावे, हा या कामातील पहिला नियम आहे. जेपेग फाइल दर वेळी पुन्हा साठविताना थोडी माहिती गमावते. म्हणून काम चालू असेपर्यंत प्रत टिफ किंवा त्या आज्ञावलीच्या स्वतःच्या स्वरूपात ठेवावी आणि छपाईसाठी अखेरीस एकदाच उच्च दर्जाची जेपेग करावी. जेपेगमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पातळ्या असतात. रॉ प्रकारच्या फाइलीत त्या ४,०९६ किंवा १६,३८४ असतात. त्यामुळे उजेडाची मोठी दुरुस्ती रॉ फाइल अधिक सहन करते.

सर्वसाधारण क्रम असा : चित्र सरळ करणे, रंगांचा समतोल साधणे, एकूण उजेड ठरविणे, निवडक भाग उजळणे वा गडद करणे, डाग काढणे, छपाईच्या आकारात आणणे आणि शेवटी रेखीवपणा वाढविणे. क्रम उलटा झाल्यास आधीची दुरुस्ती नंतरच्या दुरुस्तीने वाया जाते.

श्वेतसंतुलन

दिव्याच्या उजेडात सर्व वस्तू पिवळसर होतात आणि सावलीत निळसर. डोळा हा फरक आपोआप भरून काढतो; कॅमेऱ्याला तो अंदाजाने भरून काढावा लागतो. चित्रात एखादा रंग प्रबळ असेल, तर कॅमेरा त्यालाच प्रकाशाचा दोष समजतो. हळदीच्या समारंभाचे छायाचित्र याचे नेमके उदाहरण आहे. नवरीच्या चेहऱ्यावरची हळद, पिवळे वस्त्र आणि झेंडूची आरास यांनी भरलेल्या चित्रात स्वयंचलित दुरुस्ती पिवळेपणा कमी करते. परिणामी हळद फिकी आणि त्वचा निळसर-राखाडी पडते. गोदावरीच्या पुराचे तांबूस गढूळ पाणीही असेच राखाडी होऊन जाते. अशा वेळी चित्रातील जी वस्तू खरोखर पांढरी किंवा राखाडी आहे तिच्यावर रंग-निवडीची नळी टेकवावी. हळद न लागलेले उपरणे, चुन्याची भिंत किंवा राखाडी सिमेंट यांसाठी उपयोगी पडते. त्याच उजेडात राखाडी कार्ड धरून एक चित्र आधी टिपून ठेवल्यास काम अधिक निश्चित होते.

उजेड

कॅमेऱ्याचे प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरते. नाशिकचे काळाराम मंदिर किंवा त्र्यंबकेश्वराचे मंदिर चौकटभर घेतल्यास मापक काळा पाषाण राखाडी करून टाकते. पांढऱ्या संगमरवराला तेच मापक मळकट करते. काळ्या वास्तूचे चित्र टिपतानाच उजेड थोडा कमी आणि पांढऱ्या वास्तूचे टिपताना थोडा अधिक ठेवावा.

संपादनात हिस्टोग्राम हा आलेख मार्गदर्शक ठरतो. त्याची डावी कड काळ्याची आणि उजवी कड पांढऱ्याची असते. आलेख उजव्या कडेला भिंतीसारखा चिकटला असेल, तर तेथील बारकावे नष्ट झालेले असतात आणि कोणत्याही दुरुस्तीने ते परत येत नाहीत. शेंदरी मूर्ती, साधूंची भगवी वस्त्रे आणि झेंडूचे हार यांच्याबाबतीत एक वेगळीच अडचण उद्भवते. एकूण आलेख ठीक दिसतो. परंतु केवळ लाल रंगाची पातळी कमाल मर्यादेला पोहोचलेली असते. मग वस्त्राच्या चुण्या नाहीशा होऊन सपाट भगवा पट्टा उरतो. म्हणून तिन्ही रंगांचे आलेख स्वतंत्रपणे पाहावेत आणि अशा विषयांत रंगांची तीव्रता वाढविण्याऐवजी किंचित कमी करावी.

त्वचेचा रंग

पाहणाऱ्याची नजर चित्रात प्रथम चेहऱ्याकडे जाते, त्यामुळे त्वचेच्या रंगातील चूक लगेच खटकते. सामान्य उजेडात कोणत्याही वर्णाच्या त्वचेत लाल घटक सर्वाधिक, हिरवा त्याहून कमी आणि निळा सर्वांत कमी असतो. निळा हिरव्याच्या पुढे गेला की चेहरा आजारी किंवा जांभळट दिसतो. फिल्मच्या काळात अनेक प्रयोगशाळा छपाईयंत्रे जुळविण्यासाठी ‘शर्ली कार्ड’ नावाचे नमुनाचित्र वापरत. त्यावर गोऱ्या वर्णाची स्त्री असे. परिणामी सावळ्या व काळ्या त्वचेच्या छटा दीर्घकाळ सदोष छापल्या गेल्या. आजच्या ‘सौंदर्यवर्धक’ फिल्टरांचाही कल चेहरा उजळ व गुळगुळीत करण्याकडे असतो. चेहरा सावलीत असेल तर त्यावरचा उजेड वाढविणे ही दुरुस्ती आहे. सावळा वर्ण गोरा करणे ही दुरुस्ती नसून ते त्या व्यक्तीचे रूप बदलणे आहे.

रेखीवपणा

कागदात शाई थोडी पसरते, म्हणून छपाईपूर्वी कडा किंचित ठळक कराव्या लागतात. ही क्रिया चित्र अंतिम आकारात आणल्यावरच करावी. प्रमाण अधिक झाल्यास डोंगराच्या कडेला पांढरी रेघ उमटते आणि आकाश रवाळ दिसते. हललेले किंवा नाभीय अंतर चुकलेले चित्र रेखीवपणा वाढवून स्पष्ट होत नाही.

रंगव्याप्ती व रंगव्यवस्थापन

एखादे उपकरण जितके रंग दाखवू शकते, त्यांच्या समूहास रंगव्याप्ती म्हणतात. एसआरजीबी ही सर्वांत प्रचलित रंगव्याप्ती असून ती १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. ॲडोबी आरजीबी ही १९९८ ची रंगव्याप्ती अधिक विस्तृत आहे. परंतु ती न ओळखणाऱ्या यंत्रावर चित्र निस्तेज छापले जाते. गावोगावच्या डिजिटल लॅबमध्ये एसआरजीबी फाइल देणे सुरक्षित असते. लग्नपत्रिका, पुस्तक किंवा स्मरणिका ऑफसेटवर छापली जाते. तेथे चित्र सीएमवायके या चार शायांच्या स्वरूपात रूपांतरित करावे लागते आणि हे रूपांतर त्या छापखान्याच्या सूचनेनुसार करावे. फोटो लॅबला सीएमवायके फाइल दिल्यास रंग बिघडतात.

येवल्याच्या पैठणीतील मोरपिशी व गडद निळ्या छटा पडद्यावर झळकतात, पण त्यांतील काही छटा शाईच्या व्याप्तीबाहेर असतात. प्रिंटर त्या जवळच्या छटेवर आणतो आणि पदरावरील बारीक फरक पुसले जातात. प्रत्येक प्रिंटर-कागद जोडीसाठी प्रोफाइल नावाची फाइल मिळते. ती वापरून छपाईचा परिणाम पडद्यावर आधी पाहता येतो; या सोयीस सॉफ्ट प्रूफ म्हणतात. बाहेर जाणाऱ्या रंगांची तीव्रता तेथेच हलक्या हाताने कमी केल्यास नक्षी टिकते. जरीची चकाकी कोणत्याही सामान्य शाईने छापता येत नाही. ती कॅमेऱ्यासमोर तिरपा उजेड देऊन, उजळ व गडद धाग्यांच्या विरोधातून सूचित करावी लागते.

छपाईच्या पद्धती

लॅबमधील रासायनिक छपाईत लेसर किंवा एलईडी किरणांनी प्रकाशसंवेदी कागदावर चित्र उमटवून तो रसायनांत विकसित केला जातो. तिच्यात छटा सलग येतात आणि मोठ्या संख्येने प्रती स्वस्तात मिळतात. इंकजेट पद्धतीत शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर फवारले जातात. रंजक-द्रावणाची शाई चमकदार दिसते. कण-शाई उजेडात अधिक काळ टिकते. डाय-सब्लिमेशन पद्धतीत रंगीत फितीवरील रंग उष्णतेने कागदावर चढविले जातात व वरून पारदर्शक थर दिला जातो. स्टुडिओत काही मिनिटांत मिळणारी ओळखपत्री छायाचित्रे बहुधा याच पद्धतीची असतात. साध्या कार्यालयीन कागदावर शाई शोषली जाऊन चित्र मंद दिसते. म्हणून छायाचित्रासाठी लेपयुक्त कागदच वापरावा आणि प्रिंटरच्या यादीत त्याच कागदाचा प्रकार निवडावा.

चकचकीत कागदावर रंग गडद उठतात, परंतु बोटांचे ठसे व दिव्याचे प्रतिबिंब दिसते. मॅट कागद भिंतीवरच्या चौकटीसाठी सोयीचा असतो. घरातील इंकजेट यंत्र उन्हाळ्यात दीर्घकाळ न वापरल्यास शाई वाळून छिद्रे बुजतात. आठवड्यातून एक रंगीत पान छापल्यास हा त्रास टळतो. पावसाळ्यात कागद दमट होऊन शाई उशिरा वाळते. न वापरलेला कागद मूळ पाकिटात बंद ठेवावा.

चाचणी छाप

मोठी प्रिंट करण्यापूर्वी लहान चाचणी छापून पाहणे हा खर्च वाचविणारा उपाय आहे. मोठ्या चित्रातील चेहरा किंवा महत्त्वाचा भाग अंतिम आकारातच कापून घ्यावा, त्याच्या उजेडाच्या तीन प्रती कराव्यात, एक आहे तशी, एक थोडी उजळ व एक आणखी उजळ, आणि तिन्ही ४ × ६ इंचांच्या एकाच कागदावर छापून घ्याव्यात. प्रिंट पूर्ण वाळल्यावर दिवसाच्या उजेडात, ऊन टाळून पाहावी. जी पट्टी योग्य वाटेल तीच दुरुस्ती पूर्ण चित्राला लावावी. अनेक लॅबमधील यंत्रे प्रत्येक चित्राचा रंग आपोआप बदलतात. फाइल काळजीपूर्वक संपादित केली असल्यास ‘रंगदुरुस्ती करू नये’ असे स्पष्ट सांगावे; अन्यथा चाचणी व अंतिम प्रिंट यांत फरक पडतो.

जुनी छायाचित्रे व स्मृतिचित्रे

घरातील व्यक्तीच्या निधनानंतर तिचे मोठे छायाचित्र तातडीने करून घेण्याची वेळ अनेक कुटुंबांवर येते आणि हाती एखादे समूहचित्रच असते. ४००० पिक्सेल रुंदीच्या तीस जणांच्या समूहचित्रात एका चेहऱ्याच्या वाट्याला सुमारे १५० पिक्सेल येतात. १२ × १८ इंचांच्या प्रिंटमध्ये चेहरा ५ इंच रुंद करायचा म्हटल्यास दर इंचाला केवळ ३० पिक्सेल उरतात. तोच चेहरा १ इंच रुंद ठेवून ४ × ६ इंचांचे चित्र केले आणि ते रुंद पांढऱ्या कडेसह मोठ्या चौकटीत बसविले, तर ते स्पष्ट व ओळखीचे राहते.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित आज्ञावल्या लहान चेहरा मोठा व रेखीव करून देतात. त्यांनी भरलेले बारकावे मूळ चित्रात नसतात. ते इतर असंख्य चेहऱ्यांवरून अनुमानाने रचलेले असतात. परिणामी चेहरा नीटस होतो, पण डोळ्यांची ठेवण, दात किंवा सुरकुत्या परक्या होऊ शकतात. असा परिणाम त्या व्यक्तीला जवळून ओळखणाऱ्यांना दाखवूनच स्वीकारावा.

मूळ प्रिंट किंवा नेगेटिव्ह उपलब्ध असल्यास ती स्कॅन करणे केव्हाही श्रेयस्कर. ४ × ६ इंचांची जुनी प्रिंट दर इंचाला ६०० या घनतेने स्कॅन केल्यास २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात व तीतून ८ × १२ इंचांची प्रत निघते. ३५ मिलिमीटर नेगेटिव्ह २४०० घनतेने स्कॅन केल्यास सुमारे ३४०० × २२७० पिक्सेल मिळतात. काचेला चिकटलेले छायाचित्र ओढून काढू नये. ते काचेसह स्कॅन करावे. कृष्णधवल चित्रही रंगीत पद्धतीने स्कॅन केल्यास पिवळे डाग वेगळे करून काढणे सोपे जाते.

संपादनाच्या मर्यादा

कौटुंबिक चित्रातून विजेची तार काढणे आणि वृत्तचित्रातून ती काढणे यांत फरक आहे. वृत्तचित्र, न्यायालयीन पुरावा व वैज्ञानिक नोंद यांत उजेड, रंगसमतोल आणि चौकट यांच्या मर्यादित दुरुस्त्या सर्वसाधारणपणे मान्य असतात. वस्तू घालणे, काढणे किंवा हलविणे मान्य नसते. नॅशनल जिओग्राफिक या मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावरील आडवे चित्र उभ्या चौकटीत बसविण्यासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकाद्वारे एकमेकांजवळ आणले आणि त्यावर मोठी टीका झाली.

नाशिकमध्ये याचे स्थानिक उदाहरण गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीचे आहे. पुराचे पाणी या उंच मूर्तीच्या कोणत्या भागापर्यंत पोहोचले, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. त्यामुळे पुराच्या दिवशी टिपलेले तिचे छायाचित्र ही एक नोंदच असते. त्यात पाण्याची रेषा अस्पष्ट होईल इतका गडदपणा, पाण्याचा गढूळपणा नाहीसा करणारा रंगबदल किंवा संदर्भासाठी लागणारा घाट कापून टाकणारी चौकट या नोंदीचे मोल घटविते. अशा चित्राची असंपादित मूळ फाइल तारीख-वेळेच्या माहितीसह जपून ठेवणे आवश्यक असते.

जतन

प्रिंटचे शत्रू म्हणजे ऊन, ओलावा, हवेतील वायू व आम्लयुक्त पुठ्ठा. चौकट थेट ऊन पडणाऱ्या भिंतीवर लावू नये आणि चित्र काचेला चिकटू नये म्हणून मध्ये कडपुठ्ठा ठेवावा. चिकट पानांचे व पीव्हीसी प्लॅस्टिकचे अल्बम कालांतराने चित्र खराब करतात; आम्लरहित कागदाचे अल्बम टिकाऊ असतात. प्रिंटच्या मागे बॉलपेनने दाबून लिहू नये. मऊ पेन्सिलीने कडेला नाव, ठिकाण व वर्ष लिहावे.

फाइलींच्या किमान तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी, असा सर्वमान्य संकेत आहे. मोबाइल हरवतो, हार्ड डिस्क बिघडते आणि ऑनलाइन खात्याचा परवलीचा शब्द वारसांना ठाऊक नसतो. म्हणून वर्षातील मोजकी छायाचित्रे निवडून ती चांगल्या कागदावर छापणे हाही जतनाचाच एक भाग मानला जातो. निवडताना मूळ फाइल, संपादित प्रत आणि छपाईची प्रत अशा तिन्ही फाइली वेगळ्या नावांनी ठेवल्यास पुढे पुन्हा प्रिंट काढताना सारी दुरुस्ती नव्याने करावी लागत नाही.